जिवंत बाईच्या फोटोला हार

मु. पो. कळंबखडी, ता. खटाव
दि. २७ नोव्हेंबर २०२३

ज्ञानदा मॅडम यांस,
नमस्कार.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल याची मला खात्री नाही. पत्ता पुतण्या विश्वजीतने मोबाईलवर शोधून दिला. सातारच्या कडेला एक बंगला आहे, त्यात तुमच्या साडेसातच्या मालिकेचं शूटिंग चालतं असं तो म्हणाला. पाकीट दुसऱ्याच कोणी फोडलं तर पंचाईत नको, म्हणून मी कोण ते वर लिहिलेलं नाही. अक्षरावरून ओळखाल. सातवी पास माणसाचं अक्षर आहे, त्यात फरक पडलेला नाही.

फोन करणार होतो. पण मला आता ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन फोनला लावलं की शिट्टी मारतं.

तक्रार अशी आहे. मागच्या सोमवारी, वीस तारखेला, तुम्ही मालिकेत मेलात. गाडी दरीत गेली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. याआधीही तुम्ही दोनदा मेला आहात, एकदा विष खाऊन आणि एकदा इन्स्पेक्टर असताना गोळी लागून. पण या वेळी त्या लोकांनी तुमचा खराखुरा फोटो दिवाणखान्याच्या भिंतीवर लावला आणि त्याला हार घातला. तो तिथंच आहे. रोज कोणी चहा पिवो, कोणी भांडो, मागं तो फोटो आणि तो हार. कपाळाला कुंकू असलेल्या, जित्याजागत्या बाईच्या फोटोला हार घालताना त्या माणसांना काहीच कसं वाटत नाही? जेवणाचं ताट मी पुढून सरकवतो.

गावाचं तर बोलायलाच नको. बाळासोच्या हॉटेलात चहाला गेलो, तर चार माणसांत तो म्हणाला, "काय तात्या, लेकीचं दिवस कवा घालायचं? सांगा, बुंदी मी पाडतो." मी बशीत चहा ओतला. तर पुन्हा, "आवं, सगळ्या म्हाराष्ट्रानं दुखवटा पाळला, आन बाप हितं भजी-पाव खातोय!" मी भजं तसंच ठेवून उठलो.

आमच्या घरात एक म्हातारी आहे. तिला हे सोसत नाही. तरी तो फोटो भिंतीवरून काढायला सांगावा. फोटो काढता येत नसेल तर निदान हार तरी काढावा.

आपला,
एक प्रेक्षक

*

सातारा
५ डिसेंबर २०२३

ती. आबांस,
सा. न.

एकोणीस वर्षांनी पत्र आलं आणि खाली सही 'प्रेक्षक'. तुम्ही मला 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणालात तेव्हा एका जाहिरातीसाठी मेकअपच्या खुर्चीत बसले होते. मेकअप करणारा म्हणाला, ताई हलू नका, काजळ पसरेल.

बाळासोंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या बुंदीत पाक नेहमी कमी असायचा.

आबा, माझं त्या मालिकेतलं काम संपलं. आता फोटो माझा नाही, भिंतीचा आहे. तो काढायचा की ठेवायचा हे मुंबईत बसलेली माणसं ठरवतात. मी सांगून ते ऐकणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला सांगायचंही नाही. तुम्हाला लाज वाटते म्हणून मी काम बदलायचं, हे मी एकोणीस वर्षांची असताना केलं नाही. आता अडतीसची आहे.

जानेवारीपासून मी तासगावला जाते आहे. नवी मालिका आहे, द्राक्षबागायतदार बाईची गोष्ट. विशीतली सून ते सत्तरीतली मालकीण, सगळी मीच करायची. बेदाण्याच्या शेडमध्ये महिनाभर बायकांबरोबर बसून काम शिकणार आहे. इतकी वर्षं मी कोणाची तरी वहिनी, कोणाची तरी सासू केली. ही पहिली गोष्ट माझी आहे. बाळासोंना हेही सांगा.

आईच्या डोळ्यांचं काय? डॉक्टरकडे जाऊन आली का?

हरणा

*

कळंबखडी
१४ डिसेंबर २०२३

हरणास आशीर्वाद.

सही तू हरणा म्हणून केलीस ते बरं केलंस. माझ्या आईचं नाव तुला ठेवलं होतं. ते सोडून ज्ञानदा झालीस. मागं पेपरात तुझी मुलाखत आली, 'अष्टपैलू अभिनेत्री' असं वर मोठ्या अक्षरात. त्यात 'मी मूळची सांगलीची' असं छापलं होतं. सांगलीला तुला डी.एड. करायला पाठवलं होतं, जन्माला घालायला नव्हतं. तिथं नाटकात शिरलीस. त्या मुलाखतीत कळंबखडीचं नाव नाही, आईचं नाही, बापाचं तर नाहीच. मी ते पान दोनदा वाचलं आणि शेळीपुढं टाकलं.

तुला वाटत असेल म्हातारा काही बघत नाही. मी सगळं बघितलंय. तिसाव्या वर्षी तू सासू झालीस आणि सुनेच्या हातावर उलथनं ठेवलंस. बांगड्या विकणारी झालीस. दारुड्याची बायको झालीस आणि लोक हसावेत म्हणून पदर तोंडात कोंबून रडलीस. तुझी आई तशीच रडते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. आणि त्या हसवण्याच्या कार्यक्रमात तू मिशी लावून पुरुष झालीस, डाव्या मिशीला पीळ दिलास, खाकरलीस आणि म्हणालीस, "आमच्या फौजेत असं चालत न्हाई!" विश्वजीतची बायको पूजा हसून हसून भिंतीला टेकली. मी उठून गोठ्यात गेलो. फौजेत पंधरा वर्षं ड्रायव्हरकी केली ती अशी नक्कल व्हायला नव्हे. मला किळस आली, दुसरा शब्द नाही. घरातलं उष्टं-खरकटं उचलून चौकात मांडावं तसं तुझं हे काम.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. मागच्या पत्रात मी पूर्ण लिहिलं नाही, आता लिहितो. वीस तारखेपासून तुझ्या आईने भाकरी सोडली आहे. सिद्धनाथापुढं बोलून बसली आहे की त्या फोटोवरचा हार निघेपर्यंत भाकरीला हात लावणार नाही, थापणारही नाही आणि खाणारही नाही. कपभर दूध घेते आणि दोन चमचे भगर. तिला साखरेचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत, उपाशीपोटी गोळी घेतली की डोळे फिरवते. वडूजच्या डॉक्टरने मलाच झापलं. मी म्हणालो, "साळू, ते नाटक हाय, खरं न्हाई." तर म्हणाली, "मला शिकवू नका." एवढं बोलून तोंड फिरवलं. माझ्या भाकऱ्या पूजा आणून देते. जाड असतात.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती वर्षातून दोनदा एकटी सातारला जाते. यंदा गेली नाही, पायात बळ नाही.

तुझा मान, तुझी मुंबई, तुझी द्राक्षं, मला काही ऐकायचं नाही. म्हातारी जाईल. हार काढ.

आकाराम

*

सातारा
२० डिसेंबर २०२३

ती. आबांस,
सा. न.

आईच्या आजारपणाचा निरोप मला तुमच्याकडून याआधी एकदा आला आहे. २००४ साली, सांगलीच्या वसतिगृहावर: 'आई सीरियस, निघून ये.' मिळेल त्या एस.टी.ने, उभी राहून आले. येऊन बघते तर आई चुलीपुढं पोहे परतत होती आणि सोप्यात पाटणचे पाहुणे मला बघायला बसले होते. तुम्ही मला म्हणालात, "तोंड धू आन लुगडं बदल." मी तोंड धुतलं, लुगडं बदललं, चहाचा ट्रे घेऊन गेले आणि पाहुण्यांकडे बघून लाजले. अभिनयाची पहिली संधी तुम्हीच दिलीत. सुपारी फुटायच्या आठ दिवस आधी मी पळाले. त्याआधी आईचा चेहरा नीट बघून घेतला होता. पुढं बारा मालिकांत तो वापरला.

म्हणून हे पत्र वाचून मला रडू आलं नाही. तुम्हाला मी तासगावला जायला नको आहे, एवढंच मला त्यातून कळलं.

उष्टं-खरकटं म्हणता. आबा, घरातून निघताना माझ्याकडे दोन साड्या होत्या आणि तुम्ही सगळे होता. तुमचं खाकरणं, आईचं रडणं, आज्जीचं एका पायावर भार टाकून उभं राहणं. दुसरं माझ्याजवळ काय होतं? सांगलीची म्हणाले, कारण कळंबखडीची म्हणाले असते तर कोणीतरी गावात येऊन तुम्हाला विचारलं असतं. तुम्ही काय उत्तर दिलं असतं, ते मला छापून यायला नको होतं.

एक करा. तुम्हाला मोतीबिंदू आहे आणि टीव्हीपासून लांब बसता हे मला माहीत आहे. विश्वजीतला मालिका मोबाईलवर लावून फोटोपाशी थांबवायला सांगा. चष्मा पुसा आणि तो फोटो जवळून बघा. मग पत्र लिहा.

हरणा

*

वडूज, दवाखाना
१ जानेवारी २०२४

हरणास आशीर्वाद.

परवा सकाळी तुझी आई नळावर घागर उचलताना पडली. डोक्याला तीन टाके आहेत. साखर खाली गेली होती. इथं ठेवलंय, सलाईन चालू आहे. हे खोटं वाटत असेल तर दवाखान्यात फोन करून विचार, नंबर पाकिटाच्या मागं लिहिलाय. पोह्यांची गोष्ट तू विसरली नाहीस, तो तुझा हक्क आहे. पण या वेळी पोहे नाहीत.

फोटो बघितला. विश्वजीतने थांबवून दाखवला, दोन बोटांनी मोठा केला. मी चष्मा पुसला, पुन्हा बघितला. मग मला म्हणावं लागलं, "बंद कर रं."

वडूजच्या स्टुडिओतला फोटो आहे. स्थळांना दाखवायला मीच तुला नेऊन काढला होता. मागं रंगवलेला धबधबा, हातात प्लास्टिकची फुलं, नेसायला तुझ्या आईची मोरपंखी साडी. काचेला डाव्या कोपऱ्यात तडा. तो तडा कसा पडला ते मला माहीत आहे. मी खिळा ठोकताना हातोडी निसटली होती.

तुला ठाऊक आहे असं तुझ्या पत्रावरून दिसतं, तरी मी माझ्या हाताने लिहितो. तू गेल्यावर पाटणचे पाहुणे सोप्यात बसून वाटेल ते बोलून गेले. ते गेल्यावर मी तो फोटो भिंतीवर लावला आणि सातारहून चंदनाच्या सालीचा हार आणून घातला. गावाला सांगितलं, लेक मेली. तुझ्या आईने तेव्हा भाकरी सोडली. मी म्हणालो, बघू कोण दमतं. एकवीस दिवस बघितलं. एकवीस दिवस मी तिच्यासमोर पूजाच्या सासूकडून आलेल्या भाकरी खाल्ल्या, कांदा फोडून. बाविसाव्या दिवशी ती परसात पडली, तेव्हा मी हार काढला. हे लिहिताना माझी मला शिसारी येते. कांद्याचा वास अजून नाकात आहे.

पुढं तो फोटो घरातून नाहीसा झाला. मी विचारलं, तर तुझी आई म्हणाली उंदरांनी खाल्ला. काच खाणारे उंदीर! आणि मी गप्प बसलो, कारण मलाही तो नको होता.

काल मी तिच्या खाटेजवळ बसून विचारलं, "साळू, त्यो फोटो तिच्याकडं कसा गेला?"

"मी दिला. सातारच्या स्टँडवर."

"कवा?"

"डोळं दावायला गेलते तवा."

म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर तूच. वर्षातून दोनदा मी स्वतः तिला एस.टी.त बसवून देत होतो, पिशवीत भाकरी आणि चटणी बांधून. 'चष्म्याचा नंबर काय सांगितला' विचारायचो. ती सांगायचीसुद्धा! त्या घरात नट एक नव्हता, दोन होते.

मी चिडून म्हणालो, "मग टीव्हीवाल्यांच्या नावानं उपास कशाला धरलास?"

तर तुझी आई काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. म्हणाली, "टीव्हीवाल्यांस्नी कोण म्हणतंय? त्यांस्नी फोटो कुणी दिला? तवा तुमी हार घातला, आता तिनं घातला. तुमी दोगं एकमेकाला मारत ऱ्हावा. मी मधी भाकरी सोडायलाच हाय न्हवं?" आणि मग भिंतीकडं तोंड करून, "वीट आला मला तुमचा. बापाचा बी आन लेकीचा बी."

एवढंच. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

आता तुला जे करायचं ते कर.

आबा

*

सातारा
९ जानेवारी २०२४

ती. आबांस,
सा. न.

तुमचं पत्र चार तारखेला मिळालं. पाच तारखेला मी वडूजला होते. तुम्हाला कळलं नाही.

इरकली लुगडं, डोक्यावर पदर, हातात डबा. दवाखान्यात गर्दी जमायला नको म्हणून तशी आले. तुम्ही बायकांच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसला होता. तुमच्याशेजारी टेकले, तर तुम्ही म्हणालात, "जरा सरकून बसा बाई, हितं औषधाची पिशवी हाय." मी सरकले. तुम्ही पिशवीतल्या गोळ्या काढून मोजत होता, परत घालत होता, परत काढत होता. मग मला विचारलंत, "तुमचं कोण हाय आत?" मी म्हणाले, "आई." तुम्ही म्हणालात, "माझी मालकीण हाय. बरी व्हईल न्हवं?" इतकं अनोळखी बाईला विचारलंत. मी मान हलवली. अजून एक शब्द बोलले असते तर तुम्ही ओळखलं असतंत, म्हणजे मला तरी तसं वाटलं. तुम्ही चहाला गेलात, तेव्हा मी आत गेले.

आईने लगेच ओळखलं. मी पायाशी वाकले, तर तिने पाय आखडून घेतले. म्हणाली, "माझ्याकडं कशाला आलीस? भिंतीकडं जा. हार काढून ये, मग हात लाव." मी म्हणाले, आई, ते माझ्या हातात नाही. ती म्हणाली, "घालायला हुतं, आन काढायला न्हाई व्हय?"

डब्यात शिरा होता. तो तसाच परत आणला.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. कला विभागाच्या मुलीने मला जुना, साडीतला फोटो मागितला होता. माझ्याकडे शंभर फोटो आहेत. मी पेटीच्या तळातून तोच काढून दिला. तेव्हा तिला म्हणाले, यात मी साधी दिसते. ते खोटं होतं. रोज साडेसातला तुम्ही टीव्हीपुढं बसता हे आईने मला सांगितलं होतं. मला तो तुम्हाला दाखवायचा होता. रोज. तुमच्या जेवणाच्या ताटापुढं. तुम्हाला कसं वाटतं ते बघायचं होतं. आई त्याच सोप्यात तुमच्याशेजारी बसलेली असते, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? बारा मालिका तिचा चेहरा वापरला, आणि तिला काय होईल ते मला सुचलं नाही. तुम्हाला माझ्या कामाची किळस येते ना, या एका कामापुरती मलाही येते.

परवा मुंबईला जाऊन त्या लोकांना भेटले. त्यांचं म्हणणं, हार काढायचा तर त्याला कारण लागतं, आणि कारण एकच: बाई मेलीच नव्हती. दरीतून वाचली, परत आली. मी आले तर हार निघेल. मी हो म्हणाले आहे. पाच फेब्रुवारीला दाखवतील. आईला सांगा, तोवर निदान फळं खा.

तासगावचं मी बघून घेते. हे मी तुमच्यासाठी करत नाही, एवढं लक्षात ठेवा.

हरणा

*

कळंबखडी
७ फेब्रुवारी २०२४

चि. हरणास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही. त्या बाकावरची बाई मला आठवते. हाताच्या शिरा आमच्या आईसारख्या वाटल्या होत्या. मी मनात म्हणालो, कोणाची कोण. आणि पिशवीसाठी तुला सरकायला सांगितलं. पन्नास वेळा तुला टीव्हीवर ओळखलं, पण शेजारी बसलीस तर नाही. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. सांगायची लाज वाटते.

आता परवाचं. सहापासून वीज जाते की काय म्हणून मी चारदा बाहेर जाऊन खांबाकडे बघून आलो. साडेसातला सोप्यात विश्वजीत, पूजा, शेजारच्या चार बायका. बाळासोसुद्धा आला, दाराशी उभा राहिला. मी म्हणालो, "बुंदी आणलीस का?" तो म्हणाला, "तात्या, ती गोष्ट सोडा की आता." तुझी आई खांबाला टेकून बसली होती. गेल्या अडीच महिन्यांत तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं आहे.

मालिका तशीच भंगार आहे, ते मी कशाला लपवू? दरीत पडलेल्या बाईच्या कपाळाला एक पट्टी आणि साडीला इस्त्री. सगळे आ वासून तुझ्याकडे बघतात, तेच ते तोंड तीन-तीन वेळा दाखवतात, ढोल बडवतात. मला वीट आला. मग तू भिंतीपाशी गेलीस आणि ढोल बंद झाला.

पूजा म्हणाली, "आता रडतील बघा." तू रडली नाहीस. हात वर केलास, हार काढलास. आणि मग तुला कळेना तो ठेवायचा कुठं. टेबलावर नाही, जमिनीवर नाही, सासू हात पुढं करते तिच्या हातात नाही. तू तो गोळा केलास आणि पदराखाली कमरेला खोचलास, चोरीचा माल लपवावा तसा. वरून दोनदा हात फिरवलास, दिसत तर नाही ना म्हणून.

हरणा, हे तुला कोणी सांगितलं? मी हार काढला तेव्हा सोप्यात कोणी नव्हतं. तुझी आई आतल्या खोलीत निपचित पडली होती, डॉक्टर तिच्याजवळ होता. मी हार काढला आणि मला तो ठेवायला जागा सापडेना. उकिरड्यावर टाकावा तर लोक बघतील, देवघरात ठेवावा तर तो तसला हार. मी तो सदऱ्याच्या खिशात कोंबला आणि वरून हात फिरवला. दोनदा. वीस वर्षांत हे मी एका माणसाला बोललो नाही. माझी मिशी तू चोरलीस, खाकरणं चोरलंस, पण हे चोरायला तू तिथं नव्हतीस. मग आणलंस कुठून?

मी तुझ्या आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. खांबाला धरून उठली आणि पूजाला म्हणाली, "तवा कुठं नेलाईस माझा?" पूजा पळत जाऊन घेऊन आली. पहिली भाकरी तिला थापता येईना, काठवटीतच मोडली. दुसरी कडेला करपली. तिने ती मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली, अर्धी स्वतः घेतली. खाताना रडत होती, पदर तोंडात कोंबून. बाळासो दाराशी होता, तो न सांगता गेला.

काल विश्वजीतने पेपर दाखवला. तासगावच्या मालिकेत दुसरी कोणी बाई घेतली आहे, बेदाण्याच्या शेडमध्ये उभं राहून काढलेला तिचा फोटो आहे. तुझ्या पत्रात एवढंच होतं, 'तासगावचं मी बघून घेते.' इतक्या वर्षांनी एक गोष्ट तुझी स्वतःची आली होती, ती गेली. आता पुन्हा त्या इस्त्रीच्या साड्यांत वर्षभर वहिनी. मी त्या पेपरचं पान शेळीपुढं टाकलं नाही. घडी घालून ठेवलं आहे. हे मी भरून देऊ शकत नाही, आणि देतो म्हणण्यात अर्थ नाही.

आता शेवटचं. माझ्या फौजेतल्या काळ्या पेटीत, वर्दीच्या खाली, तो चंदनाचा हार अजून होता. काढला तेव्हापासून तिथंच. टाकवला नाही, का ते मला विचारू नकोस. आज सकाळी तो काढला आणि पाण्याच्या बंबात घातला. मला वाटलं होतं, वीस वर्षांत वास उडून गेला असेल. गेला नव्हता. न्हाणीत सगळा धूर कोंडला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तुझी आई बाहेरून म्हणाली, "काय जाळताय?" मी म्हणालो, "काय न्हाई. जुनं हाय." ती दाराशी उभी राहिली, वास घेतला, आणि गेली.

त्या पाण्याने मी अंघोळ केली. दोनदा साबण लावला. संध्याकाळ होत आली तरी अंगाचा वास जात नाही, हे पत्र लिहिताना हातालाही येतो आहे. मला त्याची किळस वाटते. पण कोणी गेल्याचे दिवस संपले की डोक्यावरून पाणी घ्यावंच लागतं. मी ते घ्यायला वीस वर्षं लावली.

सोप्यातला खिळाही काढला. भिंतीला भोक राहिलं आहे, ते राहू दे. तो फोटो तू परत पाठवू नकोस.

सातारहून वडूजची एस.टी. मिळते. पुढं विश्वजीत घ्यायला येईल. मी येणार होतो, पण मला वाटतं मी स्टँडवर तुला पुन्हा ओळखणार नाही. तू मला हाक मार. मशीन घालून बसेन.

तुझा,
आबा